मोरचुदात पोहतात, कंट्रोलमध्ये मरतात! डॅफ्नियाच्या चाचणीत माझं काय चुकतंय?

एमएस्सी_भाग२ :

नमस्कार. मी नाशिकला पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करतेय, शेवटचं सत्र आहे. प्रोजेक्टचा विषय मीच हट्टाने मागून घेतला, त्यामुळे आता रडायचीही सोय नाही. द्राक्षबागांत बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद वापरतात. त्यातल्या तांब्याने पाण्यातल्या बारीक जिवांचं ४८ तासांत काय होतं, ते डॅफ्निया मॅग्नावर (पाण्यातली पिसू) बघायचं आहे. पद्धत ओईसीडी २०२ ची (डॅफ्नियाच्या चाचणीची आंतरराष्ट्रीय नियमावली).

कल्चर ओळखीच्या एका प्रयोगशाळेतून आणलं, त्याला दीड महिना झाला. एम-४ माध्यमात (क्षार आणि पोषकं घालून केलेलं पाणी) वाढवतेय, खायला क्लोरेला शेवाळ देते.

पहिली खेप : एम-४ मध्येच चाचणी लावली. मोरचूद लिटरला ०.०६२५, ०.१२५, ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅम, शिवाय मोरचूद न घातलेला कंट्रोल. प्रत्येक तीव्रतेला चार बीकर, एका बीकरमध्ये २० मिली पाणी आणि पाच पिल्लं. ४८ तासांनी सगळीकडे सगळ्या मजेत! १ मिलिग्रॅमला फक्त एक तळाशी बसलेली. मी वाचलं होतं की तांबं डॅफ्नियाला फार बाधतं, आणि इथे तर जत्रा भरलेली.

सर म्हणाले, एम-४ मध्ये वीस-पंचवीस भानगडी आहेत, साधं आयएसओचं पाणी कर. म्हणून दुसरी खेप आयएसओच्या चार क्षारांच्या पाण्यात लावली (कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, खाण्याचा सोडा, पोटॅशियम क्लोराइड). डिस्टिल्ड वॉटर आमच्याच विभागातलं. तीव्रता त्याच. यावेळी ०.२५ पासून पुढे सगळ्या मेल्या. ०.१२५ ला १८, ०.०६२५ ला १४. मला आनंद झाला, आणि मग कंट्रोल बघितला : २४ तासांना ३ आणि ४८ तासांना २० पैकी ८ आडव्या. पुन्हा लावली. पुन्हा ७.

डिस्टिल्ड वॉटरची वाहकता ४ मायक्रोसीमेन्स आहे, आयएसओ पाण्याचा सामू ७.८, ऑक्सिजन ४८ तासांनंतरही ७ च्या वर. तापमान १९ ते २४ मध्ये हलतं, रात्री एसी बंद करतात म्हणून मी थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या बाटल्या ठेवते. पिल्लं कल्चरच्या बरणीतून बारीक बारीक बघून ड्रॉपरने उचलते. मोठ्या काही माद्यांच्या पाठीवर हल्ली काळा डाग दिसतो, तो कशाचा ते माहीत नाही.

सर म्हणतात कल्चर आजारी आहे, फेकून दे आणि नवीन आण. पण मग तेच कल्चर एम-४ मध्ये इतकं ठणठणीत कसं? २० तारखेला सेमिनार आहे. कुणी अनुभवी असेल तर प्लीज.

ईटीपी_शिफ्टवाला :

मी एमआयडीसीतल्या सांडपाणी केंद्रावर असतो. आमच्याकडे डॅफ्निया नाही, मासे असतात. झेब्राफिश १०० टक्के सांडपाण्यात ९६ तास ठेवायचे, ९० टक्के जगले की पास. साधा हिशेब. तुमच्या केसमध्ये मला क्लोरीनचा वास येतोय. नळाचं पाणी डिस्टिलेशनला लावलं की क्लोरीन वाफेबरोबर थोडाफार पलीकडे येतो. सोडियम थायोसल्फेटचे दोन खडे टाका, मोकळ्या व्हाल. आम्ही माशांच्या टाकीत तेच करतो.

काचनळी :

शिफ्टवाले दादा, खडे नका हो टाकायला लावू तिला. थायोसल्फेट क्लोरीन मारतं हे खरं, पण ते थोडंफार तांबंही धरतं. उद्या कंट्रोल जगला तर हिला कळणारच नाही की क्लोरीन गेला की तांबं गेलं. आणि मग सेमिनारला ठामपणे चुकीचं सांगेल.

एमएस्सी, मी अशाच चाचण्यांच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढली, त्यातली अकरा या पिसवांपुढे मान वाकवून. तुला माझं म्हणणं आधीच सांगून टाकते : तुझं कल्चर ठीक आहे. फेकू नकोस. तुझ्या दोन्ही खेपांचा गोंधळ एकाच गोष्टीचा आहे. पहिल्या खेपेत तांबं होतं पण पिल्लांना भेटलं नाही. दुसऱ्या खेपेत कंट्रोलमध्ये तांबं नको होतं तरी भेटलं.

पहिली खेप घे. एम-४ मध्ये ईडीटीए असतं, लिटरला अडीच मिलिग्रॅम. ते तिथे लोखंड विरघळलेलं राहावं म्हणून घातलेलं असतं. पण ईडीटीए म्हणजे गावातला सावकार, समोर जो धातू येईल त्याला धरून ठेवणार. हिशेब कर : अडीच मिलिग्रॅमला रेणुभार ३७२ ने भागलंस की ६.७ मायक्रोमोल होतात. तेवढंच तांबं म्हणजे साधारण ४२५ मायक्रोग्रॅम. त्यातला थोडा ईडीटीए लोखंडाने अडवलेला असतो, पण तांब्याची ओढ जबर असते. आता तुझी सगळ्यात वरची तीव्रता १ मिलिग्रॅम. पण ते मोरचूद आहे, तांबं नाही! स्फटिकात पाच रेणू पाणी असलेल्या मोरचुदात तांबं जेमतेम साडेपंचवीस टक्के. म्हणजे तू घातलंस २५५ मायक्रोग्रॅम, आणि बरणीत ४२५ धरायची ताकद आधीच बसलेली. जत्रा भरणारच.

गंमत म्हणजे हे पाणी तू एएएसवर (धातू मोजायचं यंत्र) दिलं असतंस तर तांबं बरोब्बर २५५ च्या आसपास दाखवलं असतं. यंत्र एकूण तांबं मोजतं, बांधलेलं आणि मोकळं असा भेद त्याला नाही. पिल्लाला आहे. धातूंच्या चाचणीला एम-४, एम-७ वापरू नका हे २०२ मध्येच लिहिलंय, पण ते वाक्य माध्यमांच्या परिच्छेदात असं दडलंय की पहिल्यांदा कुणालाच दिसत नाही. मलाही नव्हतं दिसलं.

आता दुसरी खेप. आयएसओचं पाणी उघडं असतं, त्यात धरणारं कुणी नाही. म्हणून जे आहे ते सगळं थेट अंगावर. ते कुठून आलं? तुमचं डिस्टिल्ड वॉटर ज्या बंबातून येतं तो काचेचा आहे का? की भिंतीवर ठोकलेला जुना, चकचकीत, तांब्या-पितळेचा? तसले बंब आतून कलई केलेले असतात. कलई उडाली की घरातल्या पातेल्यातली आमटी कळकते ना, तसंच तिथेही होतं. गरम, क्षार नसलेलं पाणी तांब्यावरून वाहतं आणि तांबं घेऊन येतं.

तू म्हणशील वाहकता ४ आहे, पाणी शुद्धच आहे. लिटरला ५० मायक्रोग्रॅम तांब्याने वाहकता किती वाढते, सांगू? साधारण ०.२. तुझ्या मीटरचा आकडा तेवढा तर नुसता हात लागला तरी हलतो. मीटरला जे दिसत नाही त्यात पिसू मरते, म्हणून तर आपण पिसवा पाळतो.

आमच्याकडे एके वर्षी उन्हाळ्यात दर सोमवारी लावलेल्या चाचण्यांचा कंट्रोल जायचा. मंगळवारी लावलेली चाचणी उत्तम. आम्ही कल्चर बदललं, शेवाळ बदललं, एका मुलीने तर सोमवारी चाचणी न लावण्याचा ठराव मांडला. दीड महिन्याने सापडलं : पाण्याच्या टाकीखालची प्लॅस्टिकची तोटी गळत होती म्हणून प्लंबरने चांगल्या मनाने पितळी लावून दिली होती. रविवारभर पाणी त्या तोटीत साचून राहायचं आणि सोमवारी पहिली बादली आमची.

तर आता माझं ऐकून ताडून बघ. तीन बीकर नाहीत, तीन संच लाव, प्रत्येकी २० पिल्लं, मोरचूद अजिबात नाही. एकात तुझं आत्ताचं आयएसओ पाणी. दुसऱ्यात तेच पाणी, पण त्यात एम-४ एवढंच, म्हणजे लिटरला २.५ मिलिग्रॅम ईडीटीए. तिसऱ्यात रसायनशास्त्रवाल्यांकडून आणलेल्या अतिशुद्ध पाण्यात केलेलं आयएसओ. ते प्लॅस्टिकच्या कॅनमधून आण, आणि त्यांच्या नळाचं पहिलं लिटरभर सोडून दे. पहिलं मेलं आणि दुसरं-तिसरं जगलं, तर धातू. फक्त तिसरं जगलं, तर मी चूक आणि शिफ्टवाले दादा बरोबर असतील कदाचित.

बाकीच्या चुका वेगळ्या. त्या तांब्याच्या नाहीत, पण कंट्रोल बिघडवायला त्याही पुरतात.

बारीक बघून पिल्लू उचलायचं नाही गं! दोन दिवसांचं पिल्लूही बारीकच असतं. पिल्लं २४ तासांच्या आतली हवीत, अंदाजाने नाही, घड्याळाने. आदल्या संध्याकाळी पाच वाजता माद्या मोठ्या भोकांच्या जाळीतून गाळून नव्या पाण्यात टाक, झालेली सगळी पिल्लं काढून टाक. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे जी असतील ती तुझी. मादीचं पहिलं वेत घेऊ नकोस. आणि माद्या एम-४ मधून थेट आयएसओत टाकू नकोस, निदान दोन दिवस आधी आयएसओत आणून ठेव, तिथेच व्याल्या पाहिजेत.

पाठीवरचा काळा डाग म्हणजे खोगीर. बघ, आकारही तसाच असतो. टिकाऊ अंडी असतात त्यात, दिवस वाईट आले की धरतात. गर्दी, उपासमार, नाहीतर तुझ्या बर्फाच्या बाटल्या. आजार नाही, पण तक्रार आहे. त्या बरणीतली पिल्लं चाचणीला नकोत. बरणीत लिटरला ४०-५० मोठ्या असतील तर आधी निम्म्या कर. तापमान १८ ते २२ च्या मध्ये कुठेही चालेल, पण एका चाचणीत एका अंशापेक्षा जास्त वरखाली नको. बर्फ नको, बीकर मोठ्या पाण्याच्या टबात ठेव. एवढं पाणी रातोरात तापत नाही.

आणि एक विचारायचं राहिलं : निश्चल कुणाला म्हणतेस?

एमएस्सी_भाग२ :

ताई, मी आत्ता विभागात जाऊन बंब बघून आले. वरून चकचकीत आहे. शिपाईकाकांनी झाकण उघडून दिलं, आत कडेला चक्क लालसर पट्टे! काका म्हणाले, "कलईवाला आता येतोय कुठे?" मी फोटो काढलाय, सेमिनारला लावणार. (सर बघतील की नाही माहीत नाही.)

साडेपंचवीस टक्क्यांचं वाचून मला घाम फुटला. मी सगळे तक्ते मोरचुदात केलेत आणि तुलना मात्र तांब्याच्या आकड्यांशी करत होते.

निश्चल म्हणजे... मी भिंगातून बघायचे, जिचे अँटेना थोडेसुद्धा हलतायत तिला जिवंत धरायचे. तळाशी बसून हात हलवणाऱ्या बऱ्याच होत्या, त्या मी मेलेल्यांत मोजल्या नाहीत. आणि काही पृष्ठभागावर चिकटून तरंगत होत्या, त्यांना सुईने खाली ढकललं. हे चालतं ना?

काचनळी :

नाही चालत. म्हणजे तुझा कंट्रोल ८ पेक्षाही वाईट होता!

ही चाचणी मरण मोजत नाही, पोहणं मोजते. बीकर हळूच गोल हलवायचा, मग १५ सेकंद थांबायचं. तेवढ्यात जी पोहली नाही ती निश्चल, मग तिने अँटेना हलवून तुला नमस्कार केला तरी. एवढ्याशा जिवाचं हृदय थांबलं की नाही हे भिंग लावून ठरवत बसलं तर दहा माणसं दहा आकडे देतील. पोहली की नाही, यावर सहसा भांडण होत नाही. सुई, काडी, टोचणं, काही नको. मी मनात "एक कमळ, दोन कमळ" असं पंधरापर्यंत म्हणायचे, नव्या मुली हसायच्या आणि महिन्याभरात त्याही म्हणायला लागायच्या.

तरंगणाऱ्यांचं कारण तुझा ड्रॉपर. पिल्लू हवेत आलं की कवचाखाली हवा शिरते आणि मग ते बुचासारखं वर अडकतं. तोंड रुंद असलेला ड्रॉपर घे (काचेच्या नळीचं टोक कापून ज्योतीवर गोल करून घेतलेलं उत्तम, माझं इथलं नावच त्यावरून पडलंय), टोक बीकरच्या पाण्यात बुडव आणि मगच सोड. वरून थेंब टाकायचा नाही. ड्रॉपरमधलं पाणीही कमीत कमी जाऊ दे, नाहीतर कल्चरचं ईडीटीए पुन्हा तुझ्या बीकरमध्ये.

काचेची भांडी साबणाने धुतेस का? साबण राहिला तरी हेच रडगाणं. दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडव, मग चांगल्या पाण्याने चार-पाच वेळा खंगाळ. ते चांगलं पाणीही बंबाचं नको, हे आता सांगायला नको.

तीव्रता सगळ्या तांब्यातच लिही. ३९३ मिलिग्रॅम मोरचूद एक लिटरमध्ये म्हणजे १०० मिलिग्रॅम तांबं. त्यातून १० मिलिग्रॅमचा मधला द्राव आयएसओ पाण्यातच कर, साध्या पाण्यात केलास तर वरच्या तीव्रतेला माध्यमच पातळ होईल. मग लिटरला १०, २०, ४०, ८०, १६० मायक्रोग्रॅम. एका पायरीपासून दुसरी २.२ पटीहून लांब नको, तुझी दुप्पट आहे, ठीक. कंट्रोलमध्ये २० पैकी दोनपर्यंत चालतं, तिसरी गेली की ती चाचणी कचऱ्यात. कितीही सुंदर वक्र आला असेल तरी.

आणि सरांना कल्चरचीच शंका असेल तर वाद घालू नकोस, पोटॅशियम डायक्रोमेटची २४ तासांची एक चाचणी लाव. निम्म्या पिसवा निश्चल होण्याची तीव्रता लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या मध्ये आली की कल्चर शहाणं आहे. हातमोजे घालून. आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, क्रोमियम आहे ते, वेगळ्या बाटलीत चिठ्ठी लावून ठेवायचं.

बाग_निफाड :

चर्चा वाचत होतो, मधेच बोलतो. माझी चार एकर थॉम्पसन आहे, निफाड तालुक्यात. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोग आला की बोर्डो आम्हाला सुटत नाही. एक टक्का म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. तुम्ही लोक मायक्रोग्रॅममध्ये बोलताय, आम्ही किलोमध्ये मारतो. मग माझ्या शेततळ्यात काहीच जगायला नको. पण पावसाळ्यानंतर तळ्यात उड्या मारणारे ठिपके मला दिसतात. त्याच पिसवा ना?

दुसरं, आम्ही मिश्रणात विळा बुडवून बघतो. पात्यावर लाल चढलं तर चुना कमी पडला, अजून घाला, नाहीतर पानं जळतात. ताई म्हणतात ते मोकळं तांबं म्हणजे हेच का? आणि फवारणी झाल्यावर टाकीत दहा-वीस लिटर उरतं ते कडेने जातं तळ्याकडे. त्याने काय फरक पडतो?

काचनळी :

भाऊ, विळ्याचं उदाहरण मी अकरा वर्षांत कुणाकडून ऐकलं नव्हतं. हो, तेच. लोखंडावर लाल थर चढतो तो विरघळलेल्या, मोकळ्या तांब्याचा. चुना त्याला पकडून निळ्या साक्यात बसवतो, म्हणून पान वाचतं. ईडीटीएने मात्र साका होत नाही, तांबं पाण्यातच राहतं, फक्त बांधलेलं. विळा, पान, पिसू, तिघांनाही मोकळ्याशीच मतलब.

ठिपके पिसवांच्याच जातीचे असतील, पण मॅग्ना नव्हे बहुतेक. आपल्या तळ्यांत मोइना आणि इतर बारीक जाती जास्त. मॅग्ना वापरतात कारण ती मोठी, डोळ्यांना दिसते आणि जगभर सगळे तीच वापरतात. तुमच्या तळ्याचा जबाब ती देत नाही, हेही खरंच आहे.

उरलेल्या वीस लिटरचा हिशेब करू. तळं किती लिटरचं?

बाग_निफाड :

बारकं आहे. पाच लाख लिटर. प्लॅस्टिक कागदाचं.

काचनळी :

वीस लिटर एक टक्का म्हणजे २०० ग्रॅम मोरचूद, म्हणजे ५१ ग्रॅम तांबं. पाच लाख लिटरमध्ये मिसळलं तर लिटरला १०२ मायक्रोग्रॅम. एमएस्सीच्या चाचणीतल्या ८० आणि १६० च्या मध्ये.

घाबरू नका. हा एकूण आकडा आहे. त्यातलं बरंचसं चुन्याने आधीच बसवलेलं, ते तळाला जाईल. तळ्यात शेवाळ असतं, कुजलेली पानं असतात, त्यांचा तपकिरी अर्क पाण्यात उतरलेला असतो, तो थोडाफार ईडीटीएचंच काम करतो. तुमच्या विहिरीचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियमही पिसवेच्या बाजूने उभं राहतं. पण कागदाच्या तळ्यात मातीचा गाळ कमी, धरणारं कमी. आणि तांबं कुजत नाही, विरत नाही. यंदाचे वीस, पुढच्या वर्षीचे वीस, सगळे तिथेच. मी तुमच्या जागी असते तर उरलेलं बागेच्याच एखाद्या ओळीत मारून टाकी रिकामी केली असती. विसळलेलं पाणीही तिथेच.

ईटीपी_शिफ्टवाला :

ताई, तुमचं ते पितळी तोटीचं ऐकून मी आमच्या माशांच्या टाकीची तोटी बघून आलो. पितळी आहे. मासे जगतात तरी.

काचनळी :

मासे जगतील हो. मोठा जीव, वाहतं पाणी, आणि टाकीत खाणं-विष्ठा सगळं तांबं धरायला हजर. एक पिसू सोडून बघा.

एमएस्सी_भाग२ :

बारा दिवसांनी येतेय, सॉरी. आधी तीन संचांचा निकाल. बंबाचं आयएसओ : ४८ तासांना ११ निश्चल (आता १५ सेकंदांच्या हिशेबाने). तेच पाणी अधिक ईडीटीए : शून्य. रसायनशास्त्रवाल्यांचं पाणी : १. मी ते दुसरे चार बीकर पाच मिनिटं नुसती बघत उभी होते. तेच पाणी, तीच पिल्लं!

सरांनी फोटो बघितला, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी बंबावर "पिण्यासाठी व जैविक चाचणीसाठी नाही" अशी चिठ्ठी दिसली. अक्षर त्यांचंच.

डायक्रोमेट २४ तास : १.२ च्या आसपास. कल्चर शहाणं आहे.

मग खरी चाचणी, तांब्यात : कंट्रोल १, दहाला ०, वीसला १, चाळीसला ६, ऐंशीला १८, एकशेसाठला २०. निम्म्याचा आकडा लिटरला पन्नास मायक्रोग्रॅमच्या आसपास येतोय, म्हणजे मोरचुदात जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. पहिल्या खेपेत मी याच्या पाचपट घालून एकच मेली म्हणून निराश झाले होते. तापमान टबात २०.१ ते २०.६. काळे डागही नव्या बरणीत नाहीत. पंधरा मोजताना मीही कमळ म्हणते, शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वैतागलीय.

सेमिनार झाला. बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच विचारलं, की हा पन्नासचा आकडा शेततळ्यात चालेल का? मी म्हटलं नाही चालणार, आणि का ते इथलंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तळ्याचं पाणी घेऊनच का नाही लावत?

निफाडचे दादा, म्हणून विचारतेय. तुमच्या तळ्याचं पाच लिटर पाणी मिळेल का? मी येऊन घेऊन जाईन. आयएसओच्या जागी ते वापरून त्याच पाच तीव्रता लावीन, आणि मुळात त्यात किती तांबं आहे तेही मोजून देईन. फक्त एक, पाणी तळ्यातून थेट प्लॅस्टिकच्या बाटलीत भरायचं. पंपाच्या तोटीतून नको.

बाग_निफाड :

रविवारी या, बाग बघायला पण होईल. पंपाला पितळी वॉल्व्हच आहे, तो कालच बघितला. बादली प्लॅस्टिकची देतो. मात्र तांबं किती निघालं ते इथे सगळ्यांसमोर लिहू नका, आधी मला फोनवर सांगा.